ऐकणारं माणूस

भाद्रपदातला मंगळवार होता. दुपारचे साडेतीन-चार झाले असतील. मी सातव्या सांच्याचा तुटलेला तार जोडत होतो. जोडून मान वर केली तर माझा पहिला सांचा बंद होता. मग दुसरा बंद झाला. तिसरा झाला. किसन एकेका सांच्याची दांडी ओढत माझ्याकडे येत होता.

आम्ही कारखान्याला खातं म्हणतो आणि मागाला सांचा. खात्यात दुसऱ्याच्या सांच्याला कोणी हात लावत नाही. काही बिघडलं तर ज्याचा सांचा त्याला हाताने खूण करायची, एवढंच. किसन परभणीकडचा, नऊ वर्षं माझ्या शेजारी काम करतो. त्याने माझ्या सांच्यावर कधी टॉवेलसुद्धा टाकला नव्हता. तो आठही सांचे बंद करत आला. मी हाताने विचारलं, काय झालं? त्याने खूण केली नाही. माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि दाराकडे बोट केलं.

दाराशी मंदाबाई उभी होती. ती आमच्या शेजारच्या खोलीत राहते. पायात चप्पल नव्हती. कोणीतरी गेलं आहे हे मला तेव्हाच कळलं. बायको की पोरगी, ते कळलं नाही. खात्यापासून आमचं घर दहा मिनिटांवर आहे. ती दहा मिनिटं मंदाबाई पुढे चालली आणि मी मागे. मी तिला विचारलं नाही.

लिंबायत या कामगारांच्या वस्तीत आमची खोली वरच्या मजल्यावर आहे. लोखंडी जिना अरुंद, त्यावर बायका दाटून उभ्या होत्या. त्यांनी मला वाट दिली. उषा भिंतीशी आडवी होती. ती घरी साड्यांच्या मागचे लोंबते धागे कापायचं काम करायची. अर्धी कापलेली साडी तिच्या पायावर तशीच होती. नाक्यावरचा डॉक्टर येऊन गेला होता. हार्ट, म्हणाला म्हणे. उषा पस्तीस वर्षांची होती.

शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. चंचल समोरच्या भिंतीला टेकून बसली होती. तिसरीचं मराठीचं पुस्तक मांडीवर उघडं होतं. बोट ओळीखाली होतं. कोणीतरी पुस्तक घ्यायला लागलं तर ती देत नव्हती. मी ते पाहिलं, पण त्या वेळी त्याचं मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अमळनेरहून सासू आली, कलाबाई. लेकीचं तोंड तिला दिसलं नाही, आम्ही थांबू शकलो नव्हतो. ती दहा दिवस राहिली. जाताना जिन्यावर म्हणाली, "दिवाळीले येसू मी. तवलोंग पोरले देखा."

मी मान हलवली.

माझी पाळी सकाळी सात ते संध्याकाळी सात. पहाटे उठून भात लावायचा, रात्रीची भाजी असली तर ती, नाहीतर बटाटा. चंचलचे केस विंचरायचे. मला दोन वेण्या जमत नव्हत्या, मी एकच घालायचो, आणि तीही शाळेत पोचेपर्यंत सुटायची. मंदाबाई एकदा म्हणाली, "भाऊ, तार जोडतस ना तुम्ही दिवसभर? मंग पोरनी वेणी कशी जमत नही?" तिने हसत म्हटलं होतं. मी हसलो. पण त्यानंतर पोरगी सकाळी आपण होऊन तिच्याकडे वेणी घालायला जाऊ लागली.

चंचल शाळेतून पाचला येई. मी सव्वासातला. ते दोन तास ती मंदाबाईच्या दारात बसे. मी आलो की स्टोव्ह पेटवायचा आणि म्हणायचं, "चंचल, वाच." उषाच्या वेळी हेच होतं. उषा धागे कापता कापता पोरीकडून वाचून घ्यायची. मी येईपर्यंत त्यांचं अर्धं झालेलं असायचं. मी हातपाय धुऊन पडायचो. पोरीचं शिक्षण उषाकडे होतं. मी सातवी शिकलो आहे, मला वाचता येतं, पण मी कधी त्यात पडलो नाही.

पडून उपयोगही नव्हता. बावीस वर्षं सांच्यांत काढली. उजव्या कानाने मला काही ऐकू येत नाही. डाव्या कानाशी येऊन कोणी ओरडलं तर येतं. बाकी मी माणसाचं तोंड पाहून समजतो. आमच्याकडे बरेच जण तसेच आहेत. खात्यात कोणाचाच आवाज कोणाला ऐकू येत नाही, ओठ पाहायचे नाहीतर हात. उषा माझ्याशी बोलताना समोर येऊन बोलायची. तिला कधी सांगावं लागलं नाही.

चंचल भिंतीकडे तोंड करून बसायची. उषा जिथे बसायची तिथली ती भिंत. मला पोरीची पाठ दिसायची, एका बाजूचा गाल दिसायचा. गाल हलायचा. बोट ओळीवरून सरकायचं. पान उलटायचं. मी पोळ्या लाटत ते पाहायचो आणि मला बरं वाटायचं. घरातलं एक तरी काम उषा होती तसं चाललं आहे, असं वाटायचं. दीड महिना मी हेच पाहिलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतून चिठ्ठी आली. पालकांनी येऊन भेटावं. किसनला दाखवली. तो म्हणाला, "जा तू. तुझे आठ मी बघतो." सोळा सांचे एकट्याने बघायचे म्हणजे तासभर तहान लागली तरी पाणी प्यायचं नाही. मी धावत गेलो.

तिसरीच्या वर्गाच्या बाई गायत्रीबाई. त्यांचं वय तीसच्या आत असेल. त्या टेबलाशी बसून वही तपासत होत्या. मी आत गेलो तेव्हा मुलं ओळीत बसली होती. बाईंनी मान वर केली, काही म्हणाल्या, पुन्हा मान खाली घातली आणि खाली पाहतच बोलत राहिल्या. मला त्यांच्या केसांचा भांग दिसत होता. मी दोनदा "काय?" केलं. मुलं हसली. तिसऱ्यांदा मी जरा मोठ्याने बोललो असेन, कारण सगळा वर्ग एकदम माझ्याकडे पाहायला लागला. चंचल दुसऱ्या ओळीत होती. तिने पाटीत तोंड घातलं.

एक मुलगी उठून बाईंजवळ गेली आणि कानाला हात लावून तिने काही सांगितलं. बाई उभ्या राहिल्या. टेबलाच्या पुढे आल्या.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "असं बोललं तर कळतं?"

"कळतं."

"चंचल वाचत नाही."

"वाचते," मी म्हणालो. "घरी रोज वाचते."

"इथे उभी राहते. पुस्तक धरते. ओठ हलवते. आवाज नाही. आधी चांगली वाचायची, जून-जुलैत. वर्गात पहिल्या पाचात होती. मला वाटलं आईचं दुःख आहे, सुटेल हळूहळू. पण आता दीड महिना झाला. बाकीची मुलं जोडाक्षरांवर आली. मी एकटी, मुलं बावन्न." त्या थांबल्या. "दिवाळीनंतर न वाचणाऱ्या मुलांचा वेगळा गट होणार आहे. त्यात एकदा गेली की पुन्हा या वर्गात बसवणं माझ्या हातात नाही. तुम्ही ऐकता ना तिचं घरी?"

मी हो म्हणालो.

बाईंनी चंचलला उभं केलं. ती पुस्तक घेऊन उभी राहिली. मला आता तिचं तोंड समोरून दिसत होतं, पण बाई मध्येच पुढे झाल्या, आणि मुलं पुन्हा हसायला लागली. बाईंनी तिला बसवलं. मी हात जोडले आणि निघालो. खात्यात आलो तर किसनचा सदरा पाठीला चिकटला होता आणि माझ्या दोन सांच्यांचे तार तुटलेले होते.

त्या संध्याकाळी मी स्टोव्ह पेटवला नाही. चंचल भिंतीशी बसली. मी जाऊन भिंतीला टेकून तिच्यासमोर बसलो, उषाच्या जागी. तिने पुस्तकातून मान वर केली नाही. बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि ओठ हलायला लागले.

धडा मुंगीचा होता. मी वरून पुस्तकात पाहत होतो आणि तिच्या ओठांकडे पाहत होतो. पुस्तकात मुंगी दाणा ओढत होती.

पोरीचे ओठ म्हणत होते, "माय, आज आप्पा शाळामा उनता. बठ्ठा पोरं हासनात. आप्पाले ऐकू येत नही ना. मंग बाई पुढे उन्यात." बोट दुसऱ्या ओळीवर आलं. "काल भाजीमा मीठ टाकंच नही आप्पानी. मी काही बोलनू नही. फ्रॉकनं बटन तुटनं, मंदामावशीनी लायी दिनं." बोट पानाच्या खाली आलं तसं तिने पान उलटलं. "आप्पाले वाटस मी वाची ऱ्हायनू."

धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं आणि सांचा थांबायचा खटका खराब असेल तर सांचा चालतच राहतो. आडवं सूत टाकणारा धोटा इकडून तिकडे जातो, सगळं हलतं, कापड होत नाही. नवा माणूस तासभर त्याच्यासमोर उभा राहतो आणि त्याला कळत नाही. मला बावीस वर्षं झाली होती.

मी उठून स्टोव्ह पेटवला.

धनतेरसला खातं बंद झालं. आमच्याकडे दिवाळीला खाती बंद असतात, ती कार्तिकी पौर्णिमेला, देवदिवाळीला उघडतात. आमच्या इमारतीतले लोक दोन दिवसांत गावी गेले. जिना मोकळा झाला. आमची दुःखाची दिवाळी होती, पणती लावायची नव्हती, फराळ करायचा नव्हता. कलाबाई आली, तिने शेंगा आणल्या आणि ज्वारीचं पीठ. आल्याबरोबर पोरीला मांडीत घेऊन बसली. मग तिची वेणी सोडली, उवा पाहिल्या, पुन्हा घातली. दोन वेण्या.

दुपारी जेवताना ती म्हणाली, "जावईबापू, पोरले मी लई जासू."

पोरीला घेऊन जाईन, हे तिच्या तोंडावर मला दिसलं, तरी विचारलं, "काय?"

"लई जासू म्हनस. तुम्हीन बारा तास खातामा. पोर दुसराना दारमा बठस. मंदानं सांगं माले, शाळामा बी मुकी ऱ्हास. गावमा शाळा नही का?"

"शे."

"मंग?"

"शाळा शे आणि कापूस बी शे," मी म्हणालो. "उषाले बी तुम्हीन शाळामाईन काढेल व्हतं. कापूस येचाले."

हे मी बोलायला नको होतं. तिचा घास हातात राहिला.

"काढं व्हतं," ती म्हणाली. "तवय घरमा खावाले काय व्हतं? तुम्ही सांगाले उनता का काय व्हतं ते?" तिने ताट सरकवलं. "ती सातवीलोंग शिकनी. तुमन्याइतलीच शिकनी. शिकीसन काय करं? धागा कापात."

चंचल आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. ती भात चिवडत होती.

उषाने मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. पोरगी शाळा सोडणार नाही, आणि शाळेत ढ म्हणून मागे बसणार नाही. माझी दुसरी काही मागणी नाही, म्हणायची. मी तेव्हा कूस बदलून झोपायचो.

दोन दिवस सासू माझ्याशी बोलली नाही. पाडव्याला तिनेच विषय काढला. लसूण सोलत होती. म्हणाली, "खातं उघडाना आदला दिन मनी गाडी शे. तवलोंग मना समोर एक पान वाचू दे तिले. तोंडमाईन आवाज निंघू दे. मंग मी एकली जासू. नही ते पोर मनासंगे."

मी हो म्हणालो. बारा दिवस होते.

दिवसाउजेडी घरी बसायची मला सवय नव्हती. सकाळी चहा झाला की चटई टाकायची. मी चंचलला पहिल्या धड्यापासून घेतलं. मी एक ओळ म्हणायचो, ती माझ्यामागून म्हणायची, मी तिच्या ओठांकडे पाहायचो. गोष्टी सांगायच्या नाहीत, पुस्तकातलंच म्हणायचं, असं मी बजावलं होतं. ती बरोबर म्हणत होती. 'प'ला ओठ मिटतात, 'म'ला मिटतात, 'ब'ला मिटतात, तिथे मला फरक कळत नव्हता, पण बाकी सगळं दिसत होतं. चार दिवसांत आम्ही सहा धडे केले. मला वाटलं, एवढंच होतं तर. कोणी बसलं नव्हतं पोरीजवळ, म्हणून राहिलं होतं.

चौथ्या दिवशी मी सासूला मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "देखा, कशी वाची ऱ्हायनी."

ती गोधडीला टाके घालत होती. तिने सुई थांबवली. "कवय वाचं?"

"हे काय. आता."

"जावईबापू," ती म्हणाली, "चार दिनपाईन तुमना एकलाना आवाज ऐकी ऱ्हायनू मी. तुम्हीन इतला वरडतस का गल्लीना कुत्राले बी मुंगीना धडा पाठ व्हयना. पोरना तोंडमाईन काही निंघत नही."

मी चंचलकडे पाहिलं. ती पुस्तकात पाहत होती.

"जोरात वाच," मी म्हणालो.

तिने तोंड मोठं उघडलं. ओठ लांब ताणून एकेक अक्षर म्हटलं. मी सासूकडे पाहिलं. सासूने मान हलवली. नाही.

"जोरात!"

तिने आणखी तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा दिसल्या. सासूने पुन्हा मान हलवली.

मी सोळा वर्षांचा असताना सांचा शिकलो तेव्हा उस्ताद बोटांवर कांडी मारायचा. लाकडी कांडी, सांध्यावर लागायची. तार चुकला की कांडी. तसंच शिकलो. दुसऱ्या कशाने कोणी शिकतं हे मला माहीत नव्हतं. मी पोरीच्या हातावर मारलं. दोनदा. पुस्तक खाली पडलं. तिचा चेहरा वाकडा झाला.

"आते निंघना आवाज," सासू म्हणाली. "रडाले आवाज शे तिले. बरं शिकाडं." ती उठली, पोरीला घेऊन गच्चीवर गेली. तिची गोधडी चटईवर पडून होती. सुई तशीच कापडात होती.

माझी पोरगी रडत होती, घरापासून गच्चीपर्यंत रडत गेली असणार, आणि मला एवढंच दिसलं होतं की तिचा चेहरा वाकडा झाला.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक काढलं नाही. कपडे धुवायला गच्चीवर नेले. चंचल मागून आली. मी पिळायचो आणि ती दोरीवर टाकायची. तिच्या हातावर वळ नव्हता, मी पाहिलं. खालचे सगळे बंद होते, गल्लीत कुत्री झोपली होती. सगळीकडची खाती बंद म्हणजे हवेत काहीच थरथर नव्हती. एरवी आमच्या इमारतीची जमीन पायाला कळते.

"तुले वाचाले येस," मी तिच्याकडे तोंड करून म्हणालो. "बाई म्हन्यात, तू पहिल्या पाचमा व्हती. मंग आवाज का काढत नही?"

तिने माझा सदरा दोरीवर टाकला. चिमटा लावला. मग माझ्यासमोर आली. उषा यायची तशी, तोंड दिसेल अशी.

"मी वाचत व्हतू तवय," ती म्हणाली. "मायनं डोकं असं व्हयनं." तिने मान एका बाजूला टाकून दाखवली. "माले वाटनं झोप लागनी. धडा अर्धा सोडू नको, म्हने ना माय. मंग मी पुरा वाचा. मंग दुसरा बी वाचा. जोरजोरमा वाचा, आवाजनी उठी असं वाटनं. ती उठनी नही. मी जास्ती वाचं ना आप्पा. मी मंदामावशीले हाका माराले पाहिजे व्हती."

मी बादलीच्या काठावर बसलो.

मागाहून भेटला तेव्हा डॉक्टरने मला सांगितलं होतं की क्षणात झालं. तो खरं बोलला की धीर द्यायला बोलला, मला माहीत नाही. मी पोरीला तेच सांगितलं. "डॉक्टर म्हना, डोकं कलंडनं तवयच माय गयी. तू हाका मारत्यात तरी काही व्हतं नही. वाचं ते बी चांगलं करं. मायना कानवर शेवटे तुना आवाज पडना."

तिने विश्वास ठेवला की नाही मला कळलं नाही. तिने विचारलं, "तुमले माहीत शे का?"

"डॉक्टरले माहीत शे."

ती उरलेले कपडे टाकायला लागली.

मी खाली येऊन पुस्तक वर नेलं. तिला माझ्यापुढे बसवलं, तोंड पलीकडे, पाठ माझ्याकडे. सांचा नीट चालतो की नाही हे आमच्यासारखी माणसं त्याच्या लाकडावर तळहात ठेवून पाहतात. मी तिच्या पाठीवर, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये तळहात ठेवला. म्हटलं, "एक शब्द वाच. मी देखत बी नही, ऐकत बी नही. मना हातले सांग."

बराच वेळ काही नाही. श्वासाने पाठ वर-खाली होत होती तेवढंच. मग हाताखाली थोडं थरथरलं आणि थांबलं.

"आणखी एक," मी म्हणालो.

ऊन उतरेपर्यंत आम्ही एक ओळ केली.

त्यानंतर सहा दिवस आम्ही रोज गच्चीवर बसलो. हाताने मला आवाज आहे की नाही ते कळत होतं, पण ती काय वाचते ते कळत नव्हतं. समोर बसलो की काय वाचते ते कळायचं, पण आवाज आहे की नाही ते कळत नव्हतं. मी एक ओळ पाठीमागून घ्यायचो आणि तीच ओळ समोरून. काही दिवस थरथर यायची, काही दिवस सकाळभर यायची नाही. मी पुन्हा हात उचलला नाही.

जाण्याच्या दिवशी सासूची पिशवी दाराशी होती. तीत पोरीचे दोन फ्रॉक वरच ठेवले होते. गाडी दुपारची. सासू चटईवर बसली, पदर सावरला, आणि चंचलला म्हणाली, "वाच, माय."

मी पुस्तक धरून समोर बसलो. चंचल आमच्या दोघांच्या मध्ये.

ओठ हलायला लागले. मी पुस्तकात पाहिलं, ओठांकडे पाहिलं, जुळत होतं. मी सासूला विचारलं, "आवाज येस का?"

तिने हात वर केला. थांबा. मग मान हलवली. येतो.

दोन ओळी झाल्या. सासूने माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर वाची ऱ्हायनी का? का मनचंच सांगी ऱ्हायनी?" सासूला अक्षर येत नाही.

"बरोबर वाची ऱ्हायनी. पुस्तकमाधलंच शे."

तीन-चार ओळी गेल्या की ती मला विचारायची आणि मी तिला विचारायचो. पोरगी मध्येच थांबून दोघांचं संपायची वाट पाहायची. एकदा तिला हसू आलं. पान संपायला अर्धा तास लागला असेल. शेवटच्या ओळींत दोन जोडाक्षरं होती. पहिल्याशी ती अडली, दुसरं तिने गाळलं आणि पुढे गेली. मी ते पाहिलं.

"काय व्हयनं?" सासूने विचारलं. "थांबनी का ती?"

"काही नही," मी म्हणालो. "दम खायना."

पान संपलं. सासू उठली. पिशवीतले दोन फ्रॉक काढून खुंटीला टांगले. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "कापूस वेचाले मजूर लायसू मी. तुम्ही बोलनात ते मी विसरनू नही, पन."

मी मान खाली घातली. जिना उतरताना तिची पिशवी मी घेतली. उधना स्टेशनवर गाडी यायच्या आधी मी तिला विचारलं, "कसा शे तिना आवाज?"

तिला आधी कळलं नाही मी काय विचारतोय. मग म्हणाली, "बारीक शे. जरासा चिरका. उषाना असाच व्हता लहानपने."

उषाचा मोठेपणीचा आवाज मला माहीत आहे. लग्न झालं तेव्हा मला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी खातं उघडलं. मी साताला सांच्यांपुढे उभा राहिलो. शाळा उघडल्यावर गायत्रीबाईंना भेटलो. चंचलने त्यांच्यासमोर तीन ओळी आवाजात वाचल्या. बाईंनी तिला मार्चपर्यंत आपल्याच वर्गात ठेवायचं कबूल केलं, आणि सांगितलं की घरी रोज कोणीतरी समोर बसून तिचं ऐकलं पाहिजे, चुकलं तिथे थांबवलं पाहिजे. एक दिवस खंड नको. मी विचारलं, तुम्ही शाळेनंतर तासभर बसाल का? त्या लांब कामरेजहून येतात. पाच वाजता त्यांना परतायची बस असते.

मंदाबाई आठवडाभर बसली. तिला ऐकू येतं, वाचता येत नाही. चंचलने काहीही म्हटलं तरी ती "वा, वा" म्हणायची. मग लग्नसराईच्या साड्यांचे गठ्ठे आले आणि तिचंही बसणं सुटलं. किसन म्हणाला, माझी बायको चौथी पास आहे. पण ते डिंडोलीला राहतात, पोरीला एकटीला रस्ता ओलांडून पाठवता येत नाही. मी खात्याच्या गुजराती मालकाकडे, सेठकडे आठ तासांची पाळी मागितली. तो हसला. म्हणाला, "आठ कलाक? बहेरा थयो के गांडो थयो?" बहिरा झालास की वेडा, ते मला त्याच्या ओठांवर दिसलं.

मी सव्वासातला येतो तेव्हा चंचल पेंगलेली असते. समोर बसतो, मग मागे बसतो. चार ओळी होतात. चुकलेलं मला अर्धंच कळतं. जोडाक्षरांपर्यंत आम्ही पोचलेलो नाही. संध्याकाळी पाच ते सात जे तिचं ऐकेल आणि ज्याला वाचताही येतं असं माणूस अजून मिळालेलं नाही.